हाकेच्या अंतरावर

(उपनगरांतल्या महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मुंबईजवळ बायकांनी उघड्यावर एक रात्र मुक्काम करायचा तर जागा कशी शोधायची, यावर मी बोलावं असं ठरलंय. सकाळपासून इथं पोटगी, रेशनकार्ड, कामाच्या जागी होणारा छळ यांवर बोलणं झालं. मघाशी चहाच्या वेळी एकीनं मला बाजूला घेऊन विचारलंच, "सहलीचा विषय शिबिरात कशाला घेतलाय गं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देते, पण जरा लांबून.

मी घाटकोपरची, असल्फ्याची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण वाढलो. मे महिना आला की वस्तीतले झाडून सगळे पुरुष रात्री बाहेर झोपायचे. गल्लीत चटया, कुणाची खाट, कुणी दुकानाच्या फळीवर, पोरं टेकडीवर वाऱ्याला. आम्ही आत. दाराला कडी, खिडकी बंद, एक पंखा आणि आम्ही चौघीजणी. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गरम सगळ्यांनाच होत होतं, वारा मात्र अर्ध्यांनाच मिळत होता, हे माझ्या ध्यानात यायला चाळिशी उलटावी लागली.

आमचा गट शनिवारी बसतो. नऊ-दहा वर्षांपूर्वी एका शनिवारी सहज विषय निघाला की पैसे, परवानगी, वेळ यांची अडचण नसती तर प्रत्येकीला काय करावंसं वाटतं. कुणी वैष्णोदेवी म्हणाली, कुणी इंग्रजी शिकायचंय म्हणाली. पोळीभाजीची कामं करणारी, पन्नाशी ओलांडलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, "मला एक रात्र आकाशाखाली निजायचंय. उठून कुणाला पाणी द्यायचं नाही, कुणाला औषध द्यायचं नाही. नुसतं निजायचं." आम्ही हसलो. ती हसली नाही.

तेव्हाच दुसरी बोलली. ही चांदिवलीच्या संघर्षनगरात राहते. "मी झोपलेय आकाशाखाली. दोन पोरांना घेऊन. मला नको तुमचं आकाश." तिची झोपडी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत होती. १९९५ सालच्या याचिकेवर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो घरं पडली. त्यातलं एक तिचं. पुष्कळ झगडून बऱ्याच जणांना पुढे चांदिवलीत घरं मिळाली, म्हणून तर त्या वस्तीचं नाव संघर्षनगर.

दोघींचं म्हणणं मी घरी नेलं आणि विचार करत बसले. बाई उघड्यावर झोपत नाही असं थोडंच आहे? ऊसतोडीला गेलेली बाई फडाच्या कडेला कोपीत झोपते. वीटभट्टीवरची कातकरीण झोपते. वारीतल्या बायका पालात, देवळात, शाळेच्या पडवीत झोपतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मातीवर लेकरं कुशीत घेऊन किती बाया निजतात ते आपण पाहिलंय, आपल्यातल्या काहीजणी तिथं निजल्याही आहेत. फुटपाथवर राहणाऱ्यांची घरं १९८१ च्या पावसाळ्यात तोडली गेली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८५ साली निकाल झाला. ओल्गा टेलिस खटला म्हणून आपण अभ्यासवर्गात तो वाचतो. म्हणजे बाई उघड्यावर झोपते ती पोटासाठी, देवासाठी, बाबासाहेबांसाठी नाहीतर घर तुटलं म्हणून. आपल्याला बरं वाटावं म्हणून, वारा हवा म्हणून झोपली, असं काही मला आठवेना. म्हणून हा विषय शिबिरात.

आता जागांचं सांगते.

आम्ही सुरुवात अर्थातच घराजवळ केली. उपनगरातल्या बाईला जंगल म्हटलं की बोरिवलीचं नॅशनल पार्क. एकशे चार चौरस किलोमीटरच्या आसपास त्याचा पसारा, इकडे बोरिवली-गोरेगाव, तिकडे मुलुंड-भांडुप, वर ठाण्याचं येऊर. आपण त्याच्या चहूबाजूंनी राहतो. मला वाटलं होतं, एवढ्या जंगलात अकरा बायकांना एक कोपरा मिळणार नाही? नाही मिळत. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताही येत नाही, मुक्काम तर दूरच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते स्पष्ट आहे. आणि नियम बाजूला ठेवले तरी तिथं बिबट्या आहे. २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत बरीच माणसं गेली. आरेमध्ये २०२१ च्या सप्टेंबरात एका बाईनं हातातल्या काठीनं बिबट्याला परतवलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि शिट्ट्या मारल्या. पण आपल्याला मजेसाठी रात्र काढायचीय आणि ती ज्याच्या घरात काढायची त्याला आपण नकोय, हेही खरं.

कान्हेरीला मात्र आम्ही दिवसा जाऊन आलो. डोंगरात शंभराहून जास्त लेणी, आणि कितीतरी लेण्यांत झोपायला दगडाचा ओटा कोरलेला, बाहेर पाण्याची पोढी. पावसाळ्यात भिक्षू एका जागी राहायचे, त्याची ही सोय. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये बायका आहेत, भिक्षुणीही आहेत. आमची पोळीभाजीवाली मैत्रीण त्या ओट्यावर पाच मिनिटं आडवी झाली. "लांबी बरोबर आहे," म्हणाली. रखवालदारानं शिट्टी मारली, आम्ही उठलो. संरक्षित स्मारकात सूर्यास्तानंतर कुणालाच थांबता येत नाही.

मुलुंडच्या बाजूनं जंगलाच्या कडेच्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथल्या वारली बाईंना मी मोठ्या उत्साहानं आमचा बेत सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या छपराला नवा पत्रा घालायचा तर विचारावं लागतं. तुम्ही झोपायची परवानगी मागताय." पुढे काही बोलल्या नाहीत. मीही नाही. चहा घेतला, परत आलो.

मग आम्ही लांब बघायचं ठरवलं, आणि इथं आमची मोठी चूक झाली. ती नीट सांगते, कारण नव्या गटांकडूनही तीच होईल.

आम्हाला वाटलं, बायकांसाठी सुरक्षित जागा म्हणजे जिथं कुणीच नाही अशी जागा. नकाशात बघून एका धरणाच्या पाण्याकाठी, जवळपास एकही गाव न दिसणारी जागा काढली. मुद्दाम चौघीच गेलो. भाड्यानं दोन तंबू घेतले. संध्याकाळ फार सुंदर गेली. साडेअकराच्या सुमाराला मोटारसायकलचा आवाज आला. दोन गाड्या, पाच पोरं. दिवे सरळ आमच्या तंबूवर. एकानं विचारलं, "बरोबर कोणी नाही का?" मग ते वीस-पंचवीस पावलांवर बसले. बाटल्या काढल्या, गाणी लावली. मधेच एक उठून यायचा, तंबूभोवती फिरून जायचा. दोनच्या पुढे केव्हातरी निघून गेले.

काही झालं नाही. हे "काही झालं नाही" आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. लोकलमध्ये काही होत नाही, जिन्यात काही होत नाही, साहेबाच्या केबिनमध्ये काही होत नाही. आम्ही चौघी तंबूत पाठीला पाठ लावून, हातात भाजी चिरायची सुरी धरून पहाटेपर्यंत बसलो. फोनला रेंज नव्हती. हाक मारली असती तर ऐकायला कोणी नव्हतं. ते आम्हीच निवडलं होतं! घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कशी झाली ट्रिप?" म्हटलं, "छान." खरं सांगितलं असतं तर पुढची खेप बंद झाली असती, माझीच नव्हे, सगळ्यांची.

पुढच्या शनिवारी गटात मोठा वाद झाला. काहींचं मत पडलं की एखादा पुरुष बरोबर घ्यावा. एकीचा भाऊ यायला तयार होता, चांगला माणूस आहे, मोर्चाला येतो, पोस्टर चिकटवतो. बराच खल झाल्यावर पोळीभाजीवाली म्हणाली, "येऊ दे की. पण त्याचा चहा कोण करणार तेवढं आधी ठरवा." तिथं तो विषय संपला. हसण्यावारी गेला असं वाटेल, पण मुद्दा तिनं बरोबर धरला होता. शिवाय एक पुरुष पाच पुरुषांपुढे काय करणार होता, हाही प्रश्न होताच.

तोड निघाली ती आमच्यातल्या अंगणवाडी सेविकेकडून. तिचं माहेर मुरबाड तालुक्यात. ती म्हणाली, "नकाशे कशाला बघता? माझ्या माहेरी चला. घरात नको, पाड्याच्या खालच्या खळ्यात झोपू. हाक मारली तर माझी वहिनी येईल."

तेव्हापासून आमची जागा शोधायची हीच रीत आहे. जागा पाड्यापासून हाकेच्या अंतरावर हवी. अंगणात नको, नाहीतर पाहुण्या होतो, घरातली बाई रात्रभर आमच्या सरबराईत. फार लांबही नको. खळं, माळ, शाळेचं पटांगण, ओढ्यापलीकडचं मोकळं वावर. आणि पाड्यातल्या निदान एका बाईला आपलं नाव ठाऊक हवं. उपनगरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं माहेर, सासर, आजोळ कुठेतरी असतंच, जुन्नरला, शहापूरला, कर्जतला, पेणला. आपल्या नाही तर शेजारणीच्या. ते नसेल तर आशाताई, अंगणवाडी, बचत गट. सरपंचाला आणि पोलीस पाटलाला कळवायचं, पण ते कळवण्यापुरतं. जागा द्यायची की नाही ते बाईच ठरवते, असा अनुभव आहे.

मोकळी जागा दिसली म्हणजे ती बेवारस असते, हा शहरी माणसाचा भ्रम आहे. प्रत्येक जागेला कोणीतरी आहे. वनखातं आहे, पाटबंधारे खातं आहे, कुणाची वरकस जमीन आहे, कुठे गावाची देवराई आहे. तानसा, तुंगारेश्वर, कर्नाळा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं. तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. जिथं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळालेत, तिथं ग्रामसभेला विचारा. विचारल्यानं कमीपणा येत नाही. आपल्या वस्तीत न विचारता कोणी बिऱ्हाड टाकलं तर आपण काय करू?

जायचं कसं तेही सांगते. आम्ही कल्याणला जमतो. अंधेरीच्या बायका पहिली मेट्रो धरून घाटकोपरला येतात, २०१४ पासून ही फार मोठी सोय झाली. मुलुंडच्या आपल्या गाडीत चढतात. बोरिवलीवाल्यांची मात्र परवड आहे, त्या कुरकुर करतात आणि सगळ्यांच्या आधी हजर असतात. कल्याणहून मुरबाडकडे एसटी. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एका मुक्कामाचा खर्च अंधेरीतल्या एका सिनेमापेक्षा कमी येतो. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवायची. ती चुकली म्हणजे वडाप, आणि वडापवाला सांगेल तो भाव.

मुरबाडहून म्हसामार्गे देहरी हे गोरखगडाच्या पायथ्याचं गाव. वर गडाच्या पोटात मोठी गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत, ट्रेकर तिथं मुक्काम करतात. आम्ही पायथ्याशीच राहतो, कारण आमच्या तिघींचे गुडघे. लोणावळ्याहून पंधराएक किलोमीटर आत राजमाची आहे, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि मध्ये उधेवाडी. गावकऱ्यांना वर्षानुवर्षं डोंगर चढणाऱ्यांची सवय आहे, बायकांच्या गटाकडे कुणी टक लावून बघत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी काजवे बघायला तिथं झुंबड उडते, ते दिवस टाळा.

आणि नाणेघाट. माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचं आणि जुन्या फरसबंदीच्या वाटेनं चढायचं. माथ्याशी दगडात कोरलेली खोली आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख. तो नागनिकेचा. सातवाहन राणी, नवरा सातकर्णी वारलेला, मुलं लहान. तिनं केलेल्या यज्ञांची, दिलेल्या गाईंची, घोड्यांची, कार्षापणांची यादी त्या भिंतीवर आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची. बाईनं आपण काय केलं ते दगडावर लिहून ठेवलं आणि तेही कुठे, तर रोज व्यापाऱ्यांचे तांडे जातील अशा घाटाच्या तोंडाशी. मी त्या भिंतीसमोर किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. वर्षानुवर्षं लोक त्या गुहेत झोपत आलेत, चुली पेटवत आलेत. आम्ही नाही झोपलो. लेखावर धूर बसतो. वर घाटघर गाव आहे, तिथं विचारलं, जागा मिळाली.

शेकोटीचं आत्ताच बोलून टाकते. शेकोटी पेटवायची नाही. ११ मार्च २०१८ ला तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात महिला दिनाच्या निमित्तानं निघालेली एक तुकडी वणव्यात सापडली. वीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. आपल्यासारख्याच ८ मार्चच्या उत्साहात निघालेल्या. त्या वाटेची परवानगी नव्हती असं नंतर सरकारनं सांगितलं. आपल्या सह्याद्रीतलं गवत फाल्गुनात कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, ठिणगी पुरे होते. कड्याला आग्या मोहोळ असेल तर धुरानं माश्या उठतात ते वेगळंच. म्हणून आम्ही दिवाळी ते शिवरात्र एवढ्यातच जातो. पावसाळ्यात नाही. ओढा अर्ध्या तासात अंगावर येतो.

जमिनीवर झोपताना मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचायची, तंबू असेल तर चेन पूर्ण लावायची. डासांपेक्षा मण्यारीसाठी. हा साप रात्रीच फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही, ना सूज ना दुखणं. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, गिळता येत नाही असं कोणी म्हणालं तर मांत्रिक, जडीबुटी, वाट बघणं काही नाही. सरळ ग्रामीण रुग्णालय, तिथं प्रतिसर्पविष असतं. गाडी कुणाची मिळेल ते संध्याकाळीच विचारून ठेवायचं. बाकी सामान म्हणाल तर ताडपत्री, गोधडी, बॅटरी, शिट्टी. महागड्या तंबूवाचून काही अडत नाही.

पाळीचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, पिशवीत घालून परत मुंबईला आणायचे. पुरायचे नाहीत, कुत्री उकरतात. एका गावात देवळाच्या पडवीत झोपायची सोय झाली होती. सामान टाकलं, तेवढ्यात पुजाऱ्यानं विचारलं, "कुणाला अडचण नाही ना?" आमच्यातल्या एकीची पाळी होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळणार नव्हतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि मग तीच म्हणाली, "आहे. मला आहे." पुजारी गडबडला. भांडावं की जावं? आमच्यात दोन्ही मतं होती, आजही आहेत. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी आपण घोषणा दिल्या आणि इथं सामान उचलायचं, हे काहींना पटलं नाही. पण रात्र पडत होती आणि उद्या तिथल्या बायकांनाच त्या पुजाऱ्याशी निभवायचं होतं. आम्ही उठलो, शाळेच्या पटांगणात गेलो. नऊच्या सुमाराला तीन म्हाताऱ्या आमच्याकडे आल्या. एक म्हणाली, "आमच्या वक्ताला आम्हाला गोठ्यात निजवायचे. तू बोललीस ते चांगलं केलंस." मग बऱ्याच उशिरापर्यंत बसल्या.

आता एक गोष्ट, जी सांगायला मला जड जाते.

पहिल्या दोन वर्षांत सगळं इतकं छान चाललं होतं की आम्ही चांगल्याच सोकावलो. दिवाळी ते शिवरात्र हा नेम तेव्हा नव्हता. तिसऱ्या वर्षी एका पाड्यावर मार्चअखेरीला गेलो, अकराजणी. ठाकरांचा पाडा, ओळखीतूनच मिळालेला. रात्र फार छान झाली, आमच्या त्या संघर्षनगरच्या मैत्रिणीची ती पहिली खेप. ती स्वतःची गोधडी घेऊन आली होती आणि अंगणवाडीच्या भिंतीला पाठ लावून झोपली. सकाळी आम्ही उठलो, तोंडं धुतली, पाय धुतले, भांडी घासली, दोघींनी केसही धुतले. ओट्यावर पाच हंडे भरलेले होते, ते संपले. मग मला दिसलं की आमची यजमानीण दोन हंडे डोक्यावर ठेवून उतरायला लागलीय. मी मागं गेले. विहीर आटली होती. खाली ओहोळाच्या पात्रात खड्डा खणलेला, त्यात वाटी-वाटीनं पाणी साचत होतं. सहा बायका रांगेत होत्या. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी उभं राहून पाहिलं. जाऊन-येऊन तास गेला. ते पाच हंडे तिनं आदल्या दिवशी दुपारपासून भरले होते.

ती बोलली काहीच नाही. मीच विचारलं, "काल सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "पावण्यांना पाणी नाही म्हणू का?"

आपल्या नळाला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येतं, हे भाषणात मी स्वतः कितीदा म्हटलंय. त्या तलावांच्या आसपासच्या गावांतल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हेही म्हटलंय. आणि मी तिच्या पाण्यानं पाय धुऊन बसले होते. उठून कुणाला पाणी द्यायचं नाही, म्हणून आम्ही निघालो होतो ना? आमच्या वाटचं पाणी द्यायला ती उठली होती.

त्यानंतर नेम केले. मार्चनंतर जायचं नाही. प्यायचं पाणी दर बाईमागे चार लिटर घरून, जड झालं तरी. भांडी घासायची नाहीत, पत्रावळ किंवा आपली ताटली पुसून पिशवीत. अंघोळ मुंबईत. भाकरी, आमटी सांगितली तर पैसे आधी ठरवून आणि बाईच्याच हातात, पुरुषाच्या नाही. अकरापेक्षा जास्त जणी न्यायच्या नाहीत. खूप गट विचारतात, वीसजणी येऊ का, तीसजणी येऊ का. नाही. अकरासुद्धा जास्तच आहेत.

त्या पाड्यावर पुढच्या वर्षी आम्ही जायला लाजत होतो. निरोप आला, का येत नाही. डिसेंबरात गेलो, पाणी घेऊन. त्या हसल्या आमच्या कॅनना. रात्री यजमानीण आमच्याबरोबर खळ्यात झोपायला आली, आणखी दोघी आल्या. सासूला सांगून आल्या होत्या की मुंबईच्या बायका घाबरतात. बारा वाजता कधीतरी तिनं विचारलं, "तुमच्याकडे समुद्र आहे ना? तिथं असं निजता येतं का?" तिनं समुद्र पाहिलेला नाही. मुंबईपासून चार तासांवर राहते. पाच-सहा जणींना यायचंय, एक रात्र, वाळूवर.

मी हो म्हणून आले. तेव्हापासून शोधतेय. जुहूला रात्री वाळूवर कुणी पडू देत नाही, आणि दिलं तरी तिथं मी त्यांना झोपवणार नाही. वर्सोव्याला विचारून झालं. आमच्या कुणाच्या घरी पाच-सहा जणी मावतील, पण त्यांना खोली नकोय, खोली त्यांच्याकडे आहे. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई, तिकडे मनोरी. तिथं कोळणींची, ईस्ट इंडियन बायकांची अंगणं आहेत वाळूला लागून, असं ऐकते. मला तिथं कुणी ओळखत नाही. बोरिवलीच्या गटातल्या कुणाची तिकडे मावशी, मैत्रीण, मासळीवाली, कुणीही ओळखीची असेल, जिला रात्री हाक मारता येईल, तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. भाताची कापणी, झोडणी आटपली की त्यांना यायचंय, होळीच्या आत. पाणी आम्ही आणू.